चौथी पुडी

लहानपणी घाटंजीला थंडीताप भरला की घरात क्लोरोक्वीनची पांढरी गोळी निघायची. गिळायला जरा उशीर झाला की तोंड कडूजहर. "कडू हाय म्हंजे अस्सल हाय," आजी म्हणायची. गोळीचं अस्सलपण ठरवतं कोण, हा नाद मला तेव्हापासूनचा.

खडूच्या गोळ्या कुनैन म्हणून खपत, त्या काळात आजीची परीक्षा चाललीही असती. पण गोळीत सांगितल्याप्रमाणे 250 मिलिग्रॅम औषध आहे की दीडशेच, हे जिभेला कसं कळावं? आणि पुरेपूर असूनही ते पोटात विरघळलंच नाही तर? म्हणून प्रयोगशाळेत सहा गोळ्या 37 अंशांच्या द्रवात घुसळत ठेवतात आणि ठरल्या वेळी किती औषध उतरलं ते मोजतात.

या शोधात भेटले पुण्याचे सर इब्राहिम हरून जाफर. औषधांच्या दर्जावर नि विक्रीवर सरकारने लगाम घालावा, असा ठराव त्यांनी 9 मार्च 1927 रोजी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये मांडला. औषधांची चौकशी करायला चोप्रा समिती नेमायला 1930 उजाडलं, कायदा आला 1940 मध्ये. तोवर जाफरांना लोक विसरलेही असतील.

त्या कायद्यातलं 23वं कलम मी पुन्हा पुन्हा वाचतो. औषध निरीक्षक मेडिकलमध्ये येतो, मालाची किंमत मोजतो, 17 नंबरचा फॉर्म भरून देतो आणि नमुन्याचे चार भाग करून सील ठोकतो. एक दुकानदाराला, एक सरकारी विश्लेषकाला, एक कोर्टासाठी. चौथा, ज्याने माल पुरवला त्याला. कायद्याचा कुणावरच विश्वास नाही, आपल्या निरीक्षकावरसुद्धा. मला हे फार आवडतं.

मेडिकलवाल्यांवर संशय घेऊनच मी निघालो होतो. तो फिरला 2014-16 च्या राष्ट्रीय पाहणीने. वेगवेगळ्या प्रकारच्या औषधांचे 47,012 नमुने तपासले, त्यांत बनावट 13, अप्रमाणित 1,850. दुकानांतल्या मालात अप्रमाणित सुमारे 3 टक्के. सरकारी ठिकाणांहून उचललेल्यात 10 टक्के! झरी-जामणीच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, मेडिकल कुठलं? तिथे तापाची गोळी येते ती सरकारीच. म्हणजे ज्याला दुसरी गोळी विकत घेणं परवडत नाही, त्याच्याच वाट्याला जास्त जोखीम. पुढे नागपूर जिल्ह्यात, कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात बनावट अँटिबायोटिक सापडलं. त्या प्रकरणाच्या 2024 च्या आरोपपत्रात काय निघालं? टाल्कम पावडर आणि स्टार्च, तेही हरिद्वारच्या जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत बनवलेलं. निविदा काढताना सगळ्यात स्वस्त दर बघायचा आणि तपासणी मागाहून, ही रीत आधी मोडायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानातून घेतलेल्या गोळीपुरता तरी उपाय आपल्या हातात आहे. कलम 26 प्रमाणे कुणीही, अगदी तुम्ही-आम्हीसुद्धा, विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. तेव्हा बिल मागा, त्यावर बॅच नंबर आहे ना ते बघा, आणि ताप उतरेपर्यंत रिकामी स्ट्रिप फेकू नका.