लोभ आजचा, बंड शिवकाळातले

फ्रिट्झ लांगचा ‘डॉ. माबुझे’ १९२२ साली बर्लिनच्या पडद्यावर आला. वेष पालटून शेअरबाजार हादरवणारा, खोट्या नोटा छापणारा त्याचा खलनायक प्रेक्षकांना परका नव्हता. त्यांच्या खिशातल्या मार्कचीही किंमत घसरतच होती. पुढे ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) लांगने कामगारांचा उठाव दाखवला, पण तो भविष्यातल्या नगरीत. म्हणजे लोभ आजचा आणि बंड उद्याचे. त्याच सुमारास कोल्हापूरच्या मूकपटांनी बंड कालच्या काळात नेऊन ठेवले, आणि ते निव्वळ आवडीपोटी नव्हे.

बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. जमीन गमावून गिरणीकडे वळलेल्या शेतकऱ्याची भूमिका तरुण शांतारामांनी केली. अंधारलेली झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे, एवढ्या एका दृश्यात कर्जाची सारी कहाणी येते. रत्नागिरीकरांना ती वेगळी सांगायला नको: इथे सावकाराच्या जोडीला खोतही होता, आणि मुंबईच्या गिरण्यांत जिल्ह्यातले हजारो चाकरमानी खपत होते. हे उघडपणे दाखवता आले, कारण सावकाराला दोष देणे सरकारला परवडत होते. १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करून सरकार स्वतःच रयतेचे कैवारी म्हणून मिरवले होते. शेतसारा रोकडीत मागणारे तेच सरकार होते, हा भाग वेगळा!

बंडाला मात्र अशी मोकळीक नव्हती. कोणी म्हणेल, पुराण-इतिहास चालायचाच, त्यात राजकारण कशाला शोधायचे? धंद्यापुरते ते खरे आहे. पण खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त कर्झन दिसला म्हणूनच सरकारने १९१० साली त्या नाटकावर बंदी घातली. तोच कीचक पेंटरांनी ‘सैरंध्री’त (१९२०) मारला आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. १९३० मध्ये प्रभातच्या शिवचरित्रपटाचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव सेन्सॉरला खपले नाही. तो ‘उदयकाल’ होऊन आला. निव्वळ मनोरंजनाच्या नावाला सरकार इतके का बिचकेल? जर्मनीतही १९२० पासून चित्रपटांवर तपासणी होती, हा आक्षेप रास्त आहे. पण तिथला कायदा निवडून आलेल्या प्रतिनिधींनी केला होता. इथे कात्री ज्यांच्या हाती होती, बंडही त्यांच्याच विरुद्ध होते.