फणसाच्या आठळीतला साखरपारखी

आमच्या आष्टीकडे खरिपात पाहावे तिकडे सोयाबीन. कच्चे सोयाबीन कोंबड्यांना सरळ घालू नये, आधी भाजावे किंवा उकडावे, असे सांगतात. त्याचे एक कारण म्हणजे लेक्टिन नावाचे प्रथिन. दोष एकट्या त्याचा नाही. पचनात अडथळा आणणारी दुसरी प्रथिनेही सोयाबीनमध्ये असतात. पण पुरेशा उष्णतेने लेक्टिनची घडी विस्कटते आणि ते निकामी होते. राजमा अर्धवट शिजला की उलट्या होतात, त्यामागेही त्याच्यातले लेक्टिनच असते.

हे लेक्टिन करते तरी काय? आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगाला निरनिराळ्या शर्करांच्या साखळ्या लटकत असतात. लेक्टिन त्यांतली आपली शर्करा ओळखून धरते. धरायच्या जागा दोन-चार असल्या, की शेजारच्या पेशीही अडकतात आणि रक्तातल्या तांबड्या पेशींचे पुंजके होतात. एरंडीच्या बियांतला हा गुण स्टिलमार्क यांनी १८८८ मध्ये नोंदवला.

पण ओळखायचे कसे? ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि मॅनोज यांच्यातल्या अणूंची संख्या अगदी सारखी. फरक एवढाच, की एखाद्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट या बाजूला आहे की त्या बाजूला.

हे पाहायला सूक्ष्मदर्शक पुरत नाही. अणूंमधले अंतर मीटरच्या दहा अब्जाव्या भागाच्या घरातले. म्हणून प्रथिन शुद्ध करून, शर्करेसह त्याचे स्फटिक वाढवतात आणि त्यावर क्ष-किरण सोडतात. किरण विखरून ठिपक्यांची नक्षी उमटते. तिच्यावरून गणिताने अणूंच्या जागा काढतात. ऐकायला सोपे, पण चांगला स्फटिक मिळवण्यातच कित्येकदा वर्षे जातात.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने १९९६ मध्ये फणसाच्या आठळीतल्या जॅकलिन या लेक्टिनची रचना अशीच उलगडली, तीही गॅलॅक्टोजच्या एका रूपासह. चार सारखे भाग, आणि प्रत्येकाला शर्करा धरण्याची एक जागा. गंमत पुढे आहे. झाड हे प्रथिन आधी एकाच लांब साखळीत बनवते आणि मग ती साखळी कापते. कापल्याने एक नवे टोक मोकळे होते, आणि तेच टोक गॅलॅक्टोजला हात देते! त्याच आठळीत आर्टोकार्पिन नावाचे दुसरे लेक्टिन असते. घडी तशीच, पण साखळी न कापलेली. ते मॅनोज पसंत करते. एक काप, आणि आवड बदलली.

हे काम आपल्याकडेही झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी फणसाच्या जंगली भावंडाचे, रानफणसाचे, लेक्टिन घेऊन गॅलॅक्टोजच्या तशाच रूपासह दोन वेगळ्या प्रकारच्या स्फटिकांतली रचना २००४ मध्ये प्रसिद्ध केली.

याचा उपयोग? आपल्या शरीरातल्या आयजीए या प्रतिपिंडाचे दोन प्रकार आहेत. जॅकलिन त्यांतल्या पहिल्याच्या शर्करांना चिकटते, दुसऱ्याच्या नाही. म्हणून जॅकलिन बसवलेल्या मण्यांच्या नळीतून रक्तद्रव सोडला, की पहिला प्रकार मण्यांना धरून राहतो आणि दुसरा पुढे वाहून जातो. मग गॅलॅक्टोजचे पाणी सोडायचे. जॅकलिन त्या साखरेला धरते आणि अडकलेले प्रतिपिंड मोकळे होऊन खाली उतरते.