आजारी बेडकाची जलसंजीवनी

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या पोटाखालची आणि मांड्यांच्या आतली कातडी अगदी पातळ असते आणि तिच्या खाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. ओल्या मातीवर किंवा उथळ पाण्यात बसला की तिथूनच पाणी आत शिरते. हीच कातडी त्याला हवेतला प्राणवायू मिळवून देते आणि शरीरातले सोडियम, पोटॅशियम यांसारखे क्षारही सांभाळते. आपल्याकडे जे काम फुप्फुस, मूत्रपिंड आणि आतडे वाटून घेतात, त्यातला मोठा वाटा बेडकाची कातडी एकटी उचलते. त्यामुळे बेडकाला झालेला ‘त्वचारोग’ केवळ खाज आणि चट्ट्यांवर थांबत नाही. तो थेट हृदयापर्यंत जाऊ शकतो.

माणसांच्या डॉक्टरने बेडकाविषयी का लिहावे, असे कुणी विचारेल. आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी मेलबर्नला राहते. तिच्याकडे ऑस्ट्रेलियातले हिरवे वृक्षबेडूक आहेत. तिकडे परवाना घेऊन ते पाळता येतात आणि नीट सांभाळले तर पंधरा वर्षांहून जास्त जगतात. मागच्या वर्षी तिने एका बेडकाचा व्हिडिओ पाठवला. ‘काका, हा चार दिवस काही खात नाही. रात्री उड्या मारणारा प्राणी भर दिवसा खाली पाय पसरून बसलाय. कातडी सोलवटतेय. याला काय देऊ?’

मी तिला सांगितले, घरातले काहीही देऊ नकोस, बेडकांचा पशुवैद्य गाठ. आमच्या ओपीडीत येणाऱ्या रुग्णांनाही मी हेच सांगतो. गजकर्ण झाले की दुकानातून मिळेल ते स्टेरॉइडचे मलम चोपडायचे, खाज थांबते म्हणून खूश व्हायचे आणि बुरशी मात्र पसरत राहते, हे आम्ही रोज पाहतो. बेडकाच्या बाबतीत तर धोका अधिक. आपल्या कातडीवर लावलेले बरेचसे औषध बाहेरच राहते, त्याच्या कातडीवर लावलेले रक्तात जाते. हाताला लागलेला साबण, सनस्क्रीन, डासांचे मलम, एवढेही त्याला भोवू शकते.

पशुवैद्याने स्वॅब घेऊन पीसीआर केली. निदान झाले कायट्रिड बुरशीचे. हे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नाही, पण एकाच रोगाने जैवविविधतेचे इतके नुकसान केल्याचे दुसरे उदाहरण नोंदीत नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतल्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत ती सापडली आणि १९९९ मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार किमान ५०१ उभयचर प्रजातींची घट तिच्यामुळे झाली आणि त्यांपैकी ९० नामशेष झाल्याचे मानले जाते. या बुरशीचा उगम पूर्व आशियात असल्याचा अंदाज आहे आणि तिला जगभर नेण्यात बेडकांच्या व्यापाराचा हात आहे. मेलबर्नच्या त्या घरात ती बहुधा दोन महिन्यांपूर्वी आणलेल्या नव्या बेडकाबरोबर आली. त्याला काही आठवडे वेगळे ठेवायला हवे होते. कोविडनंतर विलगीकरण हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

ही बुरशी बेडकाला मारते कशी, हे बरीच वर्षे कोडे होते. ती कातडीच्या वरच्या थरात राहते, आत शिरत नाही. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात याच हिरव्या वृक्षबेडकांवर झालेल्या अभ्यासातून उत्तर मिळाले. बुरशीमुळे कातडीतून होणारी क्षारांची वाहतूक निम्म्याहून अधिक मंदावते. रक्तातले सोडियम सुमारे २० टक्क्यांनी आणि पोटॅशियम सुमारे ५० टक्क्यांनी घसरते. शेवटी हृदय थांबते.

हे वाचताना मला आमचा पावसाळ्यातला वॉर्ड दिसतो. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेला माणूस येतो. मान उचलवत नाही, पायात त्राण नाही, पोट फुगलेले. रक्ततपासणीत पोटॅशियम चारच्या ऐवजी दोनवर आलेले असते आणि ईसीजीची रेघ बदललेली असते. रोग आतड्यात, पण जीव जातो क्षार संपल्याने. बेडकाचा रोग कातडीत, पण त्याचाही जीव जातो तसाच. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मिठाचे पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले. त्या जलसंजीवनीमागचे तत्त्व बेडकाच्या शुश्रूषेतही उपयोगी पडते. त्याच २००९ च्या अभ्यासात आजारी बेडकांना तोंडाने क्षार दिले, तेव्हा ते काही काळ तरतरीत झाले आणि काही तास जास्त जगले. मात्र बुरशी तशीच होती, म्हणून वाचले नाहीत. क्षारांनी वेळ मिळतो, रोग बरा होत नाही. जुलाबातही तसेच. जलसंजीवनीने माणूस तगतो, मग मूळ कारणाकडे बघायचे.

मेलबर्नच्या बेडकावर दोन्ही उपाय झाले. त्याला प्लास्टिकच्या वेगळ्या डब्यात, ओल्या साध्या टिश्यूपेपरवर ठेवले. पेपर रोज बदलायचा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढूनच ते वापरायचे. हाताळताना पावडर नसलेले, ओले केलेले हातमोजे घालायचे आणि प्रत्येक बेडकासाठी नवी जोडी घ्यायची. क्षारांचे द्रावण पशुवैद्याने ठरवून दिले. बुरशीवर दिले इट्राकोनॅझोल. होय, तेच औषध, जे आम्ही गजकर्णाला कॅप्सूलमधून देतो. बेडकाला ते गिळायला लागत नाही. अतिशय पातळ द्रावणात रोज पाच मिनिटे बसवायचे, असे अकरा दिवस. कातडीच औषध घेते. प्रमाण थोडे चुकले तरी ते विषारी ठरते, म्हणून हा घरगुती प्रयोग नव्हे.

पहिले चार दिवस काहीच फरक नव्हता. उलटे ठेवले तर बेडूक तसाच पडून राहायचा. पाचव्या दिवशी तो आपणहून पालथा झाला. वैद्यकीय भाषेत ही साधी प्रतिक्षिप्त क्रिया, पण ती परत येणे म्हणजे स्नायूंना आणि नसांना क्षार मिळू लागल्याची खूण. तिसऱ्या आठवड्यात त्याने झुरळ पकडून खाल्ले. पुढचे दोन्ही स्वॅब स्वच्छ आले. तरी जुनी पेटी, माती, कुंड्या सगळे निर्जंतुक केल्याशिवाय त्याला परत सोडले नाही. नाहीतर बुरशी तिथेच वाट पाहत बसली असती.

एका घरातला बेडूक असा वाचवता येतो. रानातल्या लाखोंना कोण अकरा दिवस आंघोळ घालणार? यावर सिडनीच्या संशोधकांनी शोधलेला उपाय मला फार आवडला. ही बुरशी थंडाव्यात फोफावते आणि तिशीच्या आसपासच्या तापमानात तिचा जोर ओसरतो. त्यांनी भोकांच्या विटा रचून त्यावर छोटी हरितगृहे ठेवली. हिवाळ्यातही ऊन लागून विटा तापतात आणि बेडूक भोकांत जाऊन शेक घेतात. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात हरित-सोनेरी बेडकांचा संसर्ग उबेने कमी झाला. इतकेच नाही, एकदा असे बरे झालेले बेडूक पुढच्या संसर्गाला अधिक चांगले तोंड देऊ लागले. ज्वर हा शरीराचा उपाय आहे, हे आम्ही शिकलो होतो. बेडकाला स्वतःचा ज्वर आणता येत नाही, म्हणून त्याला वीट दिली.

याचा आपल्या आरोग्याशीही संबंध आहे. कोस्टा रिका आणि पनामात या बुरशीने बेडीक नाहीसे होत गेले. त्यानंतरच्या वर्षांत तिथे हिवतापाचे रुग्ण वाढले, हजार लोकांमागे वर्षाला साधारण एक जादा रुग्ण, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. बेडूक आणि त्यांची पिल्ले डासांची संख्या आवाक्यात ठेवतात, हे त्याचे संभाव्य कारण. आपल्या सह्याद्रीतही ही बुरशी आढळली आहे. पुण्याच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर तिचा आशियाई प्रकार सापडला. मोठ्या प्रमाणावर बेडीक मेल्याचे तेव्हा दिसले नाही, ही समाधानाची बाब. पण एखाद्याच पठारावर राहणाऱ्या प्रजाती आपल्याकडे आहेत. परदेशातून आणलेला एक रोगी बेडूक ओढ्यात सोडला, तर त्यांच्यासाठी तो संकट ठरू शकतो.

म्हणून पावसाळ्यात घरात बेडूक शिरला तर तीन गोष्टी करा. त्याला मीठ टाकून हाकलू नका. वरच्या परिच्छेदांवरून मीठ त्याला काय करते, हे कळले असेल. हात पाण्याने ओला करून किंवा ओल्या फडक्यात धरून जवळच्या ओल्या जागी सोडा. पाळायला ठेवू नका, आपल्या अनेक देशी प्रजातींना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवा, मुलांचेही धुवून घ्या. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात पाळीव पाणबेडकांमुळे ३७६ जणांना साल्मोनेलाचा संसर्ग झाला होता. त्यातल्या निम्म्या रुग्णांचे वय पाच वर्षे किंवा त्याहून कमी होते.