खाणीतलं ऑटोमेशन : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑस्ट्रेलियातल्या बिनचालकाच्या अवाढव्य डंपरचा एखादा व्हिडिओ मोबाइलवर येतो आणि विदर्भातल्या वणी-घुग्गुसपासून थेट गोव्यातल्या डिचोलीपर्यंत चर्चेला तोंड फुटतं. कुणी म्हणतं, आता खाणीत माणसाचं काम संपलं. कुणी म्हणतं, हे सगळं तिकडं. आपल्याकडे पन्नास वर्षं काही होत नाही. दोघेही सारख्याच ठामपणे बोलतात आणि दोघांचाही पाया कच्चा असतो.

महाराष्ट्राने या विषयाकडे लांबून पाहून चालणार नाही. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत कोळसा, भंडारा-नागपूर पट्ट्यात मँगनीज, गडचिरोलीत लोहखनिज. कोळसा आणि गौण खनिजं सोडून देशभरातल्या इतर खाणींची नोंद आणि तपासणी करणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालयही नागपुरातच आहे. तेव्हा खाणीत संगणक आला म्हणजे नेमकं काय आलं आणि काय आलं नाही, हे नीट समजून घेतलेलं बरं.

गैरसमज १ : बिनचालकाचा डंपर स्वतःच्या बुद्धीने चालतो.

वस्तुस्थिती : तो अतिशय काटेकोरपणे हुकूम पाळतो, एवढंच. असे डंपर व्यापारी तत्त्वावर पहिल्यांदा चालले ते २००८ साली, चिलीमधल्या गॅब्रिएला मिस्त्राल या तांब्याच्या खाणीत. त्याच वर्षी रिओ टिंटो कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात लोहखनिजाच्या खाणीवर त्यांची चाचणी सुरू केली.

एक फेरी कशी होते ते पाहू. खाणीतल्या प्रत्येक रस्त्याचा, वळणाचा आणि माती टाकण्याच्या जागेचा नकाशा संगणकात असतो. रस्ते रोज बदलतात, म्हणून सर्वेक्षण करणारी माणसं तो नकाशा सतत अद्ययावत ठेवतात. डंपरने कुठे उभं राहायचं ते शॉव्हेल, म्हणजे माल उपसून भरणारं यंत्र, चालवणारा माणूस बटण दाबून ठरवतो. दोनशे टनांहून अधिक माल वाहणारा डंपर मागे सरकत बरोबर त्या जागी येतो, भरला जातो आणि नेमून दिलेल्या वाटेने निघतो. समोर काही आडवं आलं तर रडार आणि लेझरला ते कळतं. त्याच भागात फिरणारा ग्रेडर, पाण्याचा टँकर, सुपरवायझरची जीप या सगळ्यांवर आपली जागा कळवणारं यंत्र बसवलेलं असतं. कुणी वाटेत येतंय असं दिसलं किंवा कंट्रोल रूमशी संपर्क तुटला की डंपर थांबतो.

शहरातल्या रस्त्यावर बिनचालकाची मोटार अजून अडखळते आणि खाणीत मात्र हे जमून गेलं, त्याचं कारण इथेच आहे. खाण हा कुंपणातला रस्ता आहे. तिथे आडवी येणारी म्हैस नाही, उलट्या बाजूने येणारा दुचाकीस्वार नाही. भूगर्भात मात्र जीपीएस पोचत नाही. तिथे यंत्राला बोगद्याच्या भिंती लेझरने मोजत वाट काढावी लागते. तरीही स्वीडनमधल्या किरुना खाणीत खनिज वाहणाऱ्या बिनचालकाच्या रेल्वेगाड्या १९७० च्या दशकापासून धावत आहेत. म्हणजे ही कल्पना आजकालची नाहीच.

गैरसमज २ : यंत्र आलं की अपघात संपले.

वस्तुस्थिती : माणूस धोक्याच्या जागेवरून दूर गेला की जीवितहानी कमी होते, हे खरं. पण यंत्राबरोबर नव्या तऱ्हेचे धोकेही येतात.

चांगली बाजू आधी. अमेरिकेतल्या युटा राज्यात बिंगहॅम कॅन्यन ही तांब्याची प्रचंड खुली खाण आहे. तिच्या एका उतारावर रडार रोखलेलं होतं. हे रडार खडकाची मिलिमीटरभर हालचालही टिपतं. उतार सरकतोय आणि सरकण्याचा वेग वाढतोय हे आकड्यांत दिसू लागलं, तशी कंपनीने रस्ते बदलले, कामगारांना कल्पना दिली आणि शेवटी खाण रिकामी केली. १० एप्रिल २०१३ च्या रात्री उतार दोन टप्प्यांत कोसळला. १४ कोटी टनांहून जास्त खडक खाली आला, डंपर आणि शॉव्हेल गाडले गेले. माणूस एकही दगावला नाही. याउलट झारखंडमधल्या राजमहल परिसरात २९ डिसेंबर २०१६ ला लालमटिया खाणीत ढिगारा ढासळला आणि २३ कामगारांचा जीव गेला.

आता दुसरी बाजू. २०१४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका खाणीत बिनचालकाचा डंपर आणि माणूस चालवत असलेला पाण्याचा टँकर यांची चौकात धडक झाली. डंपर आपल्या नकाशाप्रमाणे वळला, पण तो वळणार आहे याची टँकरच्या चालकाला कल्पना नव्हती. जिथे माणूस आणि यंत्र एकाच रस्त्यावर असतात, तिथे यंत्राचा पुढचा बेत माणसाला कळणं हाच सुरक्षेचा मुख्य प्रश्न होऊन बसतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये पिलबारातच बीएचपी कंपनीची २६८ वाघिणींची मालगाडी चालकाविना ९२ किलोमीटर सुसाट धावली. अनेकांनी तिचं खापर ऑटोमेशनवर फोडलं. प्रत्यक्षात ती बिनचालकाची गाडी नव्हतीच. गाडी थांबल्यावर चालक तपासणीसाठी खाली उतरला होता. त्याने लावायचा तो आपत्कालीन ब्रेक लावला गेला नव्हता आणि इलेक्ट्रॉनिक ब्रेक रचनेप्रमाणेच तासाभराने सुटले. शेवटी पर्थमधल्या नियंत्रण केंद्राने सांधा बदलून ती गाडी मुद्दाम रुळावरून उतरवली. एकाच घटनेत माणूसही चुकला, यंत्राची रचनाही अपुरी पडली आणि दुरून चालणाऱ्या यंत्रणेनेच पुढचा अनर्थ टाळला.

यात आणखी एका धोक्याची भर पडते. डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडातल्या कॉपर माउंटन या खाण कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तिला खनिज दळणारी गिरणी काही दिवस बंद ठेवावी लागली. पूर्वी खाण बंद पडायची ती पाणी शिरून, छत कोसळून किंवा संपामुळे. आता पासवर्डही तेवढाच महत्त्वाचा झाला आहे.

गैरसमज ३ : भारतात यातलं काहीच आलेलं नाही.

वस्तुस्थिती : बिनचालकाचे डंपर म्हणजेच ऑटोमेशन, अशी समजूत करून घेतली की असं वाटतं. वास्तविक बदल बराच आधी सुरू झाला आहे.

टोपली-कुदळीची खाण आता बहुतांशी आठवणीत उरली आहे. कोल इंडियाचा ९५ टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून निघतो, म्हणजे शॉव्हेल, डंपर आणि ड्रॅगलाइन यांच्या बळावर. काही खाणींत सरफेस मायनर नावाचं यंत्र कोळशाचा थर तासत पुढे जातं; तिथे कोळशासाठी ड्रिलिंग-ब्लास्टिंगची गरजच पडत नाही. मोठ्या खुल्या खाणींत कोणता डंपर कोणत्या शॉव्हेलकडे जाईल हे जीपीएसच्या आधारे संगणक ठरवतो, म्हणजे एका शॉव्हेलपुढे रांग आणि दुसरा रिकामा, असं होत नाही. भूमिगत खाणींत २००२ साली छत्तीसगडच्या चिरमिरी भागात कंटिन्युअस मायनर आला. तो कोळसा कापत जातो आणि त्याचा ऑपरेटर बोल्ट मारून पक्क्या केलेल्या छताखाली, मागे उभा राहून रिमोटने तो चालवतो. पूर्वी जिथे माणूस सुरुंग लावायला जायचा, तिथे आता यंत्राचं तोंड जातं. मिथेन वायू हवेत ५ ते १५ टक्के झाला की स्फोट होऊ शकतो. म्हणून तो सव्वा टक्क्यावर गेला तरी वीज तोडावी लागते. हे मोजण्याचं काम आता चोवीस तास चालणारे सेन्सर करू शकतात.

नियमही बदलले. कोळसा आणि गौण खनिजं सोडून इतर खनिजांच्या ज्या खाणपट्ट्याचं क्षेत्र ५० हेक्टर किंवा अधिक आहे, अथवा वार्षिक उत्खनन १० लाख टन किंवा त्याहून जास्त आहे, त्याला २०२१ च्या दुरुस्तीनंतर दरवर्षी ड्रोनने सर्वेक्षण करून चित्रं सादर करावी लागतात.

मग बिनचालकाचे डंपरच का मागे राहिले? मुख्य कारण हिशेबाचं आहे. पिलबारात चालकाला विमानाने आणावं लागतं, कॅम्पमध्ये ठेवावं लागतं आणि भरघोस पगार द्यावा लागतो. चोवीस तास चालणाऱ्या एका डंपरला पाळ्या आणि सुट्ट्या धरून चार-पाच चालक लागतात. माणूस तिथे महाग, म्हणून यंत्र परवडतं. रिओ टिंटोच्या सांगण्यानुसार २०१७ मध्ये त्यांचा प्रत्येक बिनचालकाचा डंपर साध्या डंपरपेक्षा सुमारे ७०० तास जास्त चालला. आपल्याकडे ठेकेदाराचा चालक स्वस्तात मिळतो, पावसाळ्यात खाणीतल्या रस्त्यांचा चिखल होतो आणि अनेक ठिकाणी कोळशाचे ट्रक गावच्या रस्त्यावरूनच जातात. तिथे ते गणित अजून बसत नाही.

गैरसमज ४ : ऑटोमेशनमुळे सगळ्यांच्या नोकऱ्या जातील, किंवा कुणाचीच जाणार नाही.

वस्तुस्थिती : पहिलं वाक्य कामगारांच्या सभेत ऐकू येतं, दुसरं कंपनीच्या सादरीकरणात. आकडे तिसरंच काही सांगतात. २०११ च्या सुमारास कोल इंडियात सुमारे पावणेचार लाख कायम कर्मचारी होते आणि वर्षाचं उत्पादन ४३ कोटी टन होतं. २०२४-२५ मध्ये उत्पादन ७८ कोटी टनांवर गेलं आणि कर्मचारी सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. त्यासाठी एकही बिनचालकाचा ताफा लागला नाही. भूमिगत खाणी कमी झाल्या, खुल्या खाणी आणि यंत्रं मोठी झाली, निवृत्तांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत आणि बरंच काम ठेकेदारांकडे गेलं. यंत्र कुणाला हाकलून देत नाही. निवृत्त झालेल्याची जागा मात्र परत भरू देत नाही.

विदर्भातल्या गावांसाठी खरा पेच इथे आहे. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असा हिशेब आहे. वणी-चंद्रपूर पट्ट्यातल्या शेतकऱ्याने सातबारा सोडताना तीच आशा धरलेली असते. खाणीला माणसं कमी लागू लागली की ही तडजोड दोन्ही बाजूंना अवघड होते. यावर रोबो नको म्हणणं हा उपाय नव्हे. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना यंत्रांची दुरुस्ती, सर्वेक्षण, ड्रोन, सेन्सर आणि कंट्रोल रूमचं प्रशिक्षण खाण सुरू होण्याआधी मिळायला हवं. खाण सुरू झाल्यावर काढलेला आयटीआयचा कोर्स उशिराचा असतो.

काही दारं उघडलीही आहेत. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना भूमिगत कामाची मनाई केली होती. २०१९ च्या अधिसूचनेने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांसाठी दिवसपाळीत ती वाट मोकळी केली. अंगातल्या ताकदीऐवजी जॉयस्टिक आणि पडदा आला की बाईला हे काम झेपणार नाही, ही सबब उरत नाही.

गैरसमज ५ : उपग्रह आणि जीपीएस आहेत, आता अवैध खाणकाम अशक्य.

वस्तुस्थिती : यंत्र संशय दाखवतं; कारवाई माणसालाच करावी लागते. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने उपग्रहावर आधारित देखरेख यंत्रणा सुरू केली. खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंत जमिनीत काही संशयास्पद बदल दिसला की ती इशारा देते. पहिल्या टप्प्यात देशभरातून २९६ इशारे मिळाले. राज्यांच्या अधिकाऱ्यांनी जाऊन पाहिलं तेव्हा त्यातल्या ४८ ठिकाणी अनधिकृत उत्खनन आढळलं. ती ठिकाणं कोणती, हे जागेवर गेल्याशिवाय कळलं नसतं.

महाराष्ट्रात गौण खनिज वाहणाऱ्या वाहनांना १ जानेवारी २०२२ पासून जीपीएस बंधनकारक झालं आणि वाहतूक पास ऑनलाइन मिळू लागले. तरी रात्री नदीपात्रातून निघणाऱ्या वाळूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. ज्या ट्रॅक्टरची नोंदच नाही, तो कुठल्याही पडद्यावर दिसत नाही.

गोव्याचा धडा याहून मोठा आहे. तिथलं खाणकाम, अवैध खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर, ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं. २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती आणि त्यानंतरचं खाणकाम बेकायदा होतं. तिथले ट्रक दिवसाढवळ्या धावत होते, बार्ज मांडवीतून सगळ्यांसमोर जात होत्या. वजनकाटा ट्रकमध्ये किती टन माल आहे ते सांगेल. तो माल काढायचा अधिकार होता का, हे त्याला विचारता येत नाही.

गैरसमज ६ : डिजिटल खाण म्हणजे हरित खाण.

वस्तुस्थिती : डंपर रिकामे उभे राहिले नाहीत तर डिझेल वाचतं, सरफेस मायनरने ब्लास्टिंगचे हादरे टळतात, हे फायदे खरे आहेत. चीनमध्ये इनर मंगोलियातल्या यिमिन खाणीत २०२५ साली बिनचालकाच्या १०० विद्युत डंपरचा ताफा एकदम उतरला, तेव्हा डिझेललाही पर्याय दिसू लागला. पण कोळशावरची माती तितकीच काढावी लागते, भूजल तितकंच उपसावं लागतं आणि ढिगारे तितकेच उंच होतात. उलट यंत्र थकत नाही, त्यामुळे खाण जलद खोल जाते. वेगाबरोबर पुनर्भरण आणि वृक्षलागवडीचा वेग वाढला नाही, तर नुकसानही जलद होतं.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या खाणीच्या जनसुनावणीत अत्याधुनिक तंत्रज्ञान हा शब्द कानावर पडला, तर तीन प्रश्न जरूर विचारा. उताराच्या आणि वायूच्या सेन्सरची आकडेवारी कामगारांना रोज दिसणार का? गावातल्या किती मुलांना कोणत्या कामाचं प्रशिक्षण मिळणार आणि कधी? संशयाचा इशारा आला तर किती दिवसांत, कोणता अधिकारी जागेवर येणार? या तिन्हींची उत्तरं लेखी घ्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.