पान आजारी आहे, हे प्रकाश कसा सांगतो?



पावसाळ्यात विठ्ठलवाडीहून कर्जत लोकलने निघालो की बदलापूरच्या पुढे भातखाचरं दिसू लागतात. या भातावर 'करपा' हा बुरशीचा रोग पडतो. पानावर मध्ये राखाडी, दोन्ही टोकांना निमुळते ठिपके दिसले की शेतकरी तो ओळखतो. पण ठिपका दिसतो तोवर बुरशी पानात शिरून काही दिवस झालेले असतात. मग त्याआधी रोग कळेल का?

इथे वर्णपट कामाला येतो. पानातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेतं, हिरवा त्यामानाने जास्त परत पाठवतं. म्हणून पान हिरवं दिसतं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र निरोगी पानाच्या पेशींवरून भरपूर परत फिरतो. रोगाने हरितद्रव्य घटलं की तांबडा प्रकाश जास्त परत येतो आणि पेशी खराब झाल्या की अवरक्त कमी येतो. हा बदल वर्णपटमापक यंत्र मोजतं, कधी कधी डोळ्यांना लक्षण दिसण्याआधीच.

आपल्या देशात याची सुरुवात जुनी आहे. १९७० च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळमधल्या कायमकुळम भागात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर फोटो काढून रोगट माड शोधले गेले.

मात्र एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. पाणी किंवा नत्र कमी पडलं तरी पानाचा प्रकाश बदलतो. थर्मामीटर ताप दाखवतो, पण ताप कशाचा ते रक्त तपासल्यावर कळतं, तसंच हे. यंत्राने इशारा दिला तरी रोगाची खात्री शेतात जाऊन, प्रयोगशाळेत तपासूनच करावी लागते. नाहीतर करप्याला नत्राची कमतरता समजून युरिया टाकला, तर जास्तीच्या नत्राने करपा आणखी वाढतो!

वर्गात किंवा घरी हे करून बघा : टीव्हीच्या रिमोटचा पुढचा दिवा आधी जाड पुठ्ठ्याने पूर्ण झाका आणि बटण दाबा. मग पुठ्ठ्याच्या जागी एक हिरवं पान धरा. पानाआडून रिमोट बहुतेक वेळा चालतो, कारण अवरक्त प्रकाश पान फारसा शोषत नाही. यातून रोग कळणार नाही, पण न दिसणारा प्रकाश खरंच असतो हे मुलांना पटेल. मग त्यांना विचारा, "हाच प्रकाश मोजता आला, तर शेतकऱ्याला काय काय कळेल?"