संगणक नवा, सॉफ्टवेअर तेच
घरचा संगणक : लेखांक ११

गेल्या आठवड्यात आपण जुन्या संगणकावरची कागदपत्रं आणि फोटो नव्यावर कसे न्यायचे ते पाहिलं. आज सॉफ्टवेअरकडे वळू. विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, त्यामुळे धडधाकट चालणारे संगणकही बदलावे लागताहेत. नव्या संगणकाच्या बिलात ऑफिस, अँटिव्हायरस, हिशेबाचं पॅकेज असं सगळं पुन्हा लागतं आणि आपणही मुकाट्याने पैसे मोजतो. यातला बराच खर्च टळू शकतो.

सॉफ्टवेअर घेताना आपण विकत घेतो तो वापराचा परवाना, म्हणजे लायसन्स. सीडी किंवा डाउनलोड केलेली फाइल हे फक्त साधन. सॉफ्टवेअर टाकलं की ते इंटरनेटवरून कंपनीकडे नोंद करतं : हा परवाना या संगणकावर चालू आहे. यालाच ॲक्टिव्हेशन म्हणतात. त्यामुळे जुन्या संगणकावरचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून नव्यावर उतरवला, तर सहसा काहीच चालत नाही. आधी जुनी नोंद मोकळी करायची, मग नवी करायची, हा खरा मार्ग.

दुकानांत आणि सीएंच्या कार्यालयांत असलेल्या टॅलीचं उदाहरण घ्या. टॅलीप्राइममध्ये एफ१ दाबून हेल्प उघडा. तिथे सेटिंग्ज, त्यात लायसन्स आणि त्यात ‘सरेंडर’ हा पर्याय आहे. परवाना ज्या ईमेलवर नोंदवलाय तो आणि त्याचा पासवर्ड दिला, की जुन्या संगणकावरचं टॅली एज्युकेशनल मोडमध्ये जातं. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच नोंदी करता येतात. मग नव्या संगणकावर टॅली टाकून तोच सीरियल नंबर ॲक्टिव्हेट करायचा. हिशेबाचा डेटा मात्र परवान्याबरोबर येत नाही. त्याचा बॅकअप आधीच घ्या. पुण्याच्या क्विक हीलसारख्या अँटिव्हायरसचंही तसंच. जुन्या संगणकाचं इंटरनेट चालू असतानाच ते तिथून काढा, म्हणजे उरलेल्या मुदतीसाठी तीच प्रॉडक्ट की नव्यावर चालते.

विंडोजच्या बाबतीत परवाना कोणत्या जातीचा आहे यावर सगळं ठरतं. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्याच मदरबोर्डाशी बांधलेला असतो, तो हलत नाही. स्वतंत्रपणे घेतलेला रिटेल परवाना दुसऱ्या संगणकावर नेता येतो, पण एका वेळी एकाच. आपला कोणता, हे ओळखणं सोपं आहे. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि लगेच डी-एल-आय असं टाइप करून एंटर दाबा. क्षणभरात एक छोटी चौकट येते. तिच्यात ‘चॅनल’ या शब्दाआधी रिटेल लिहिलंय की ओईएम, ते पाहा.

एकदाच पैसे भरून घेतलेलं ऑफिस ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर नोंदवलंय, त्याच खात्यात शिरून नव्या संगणकावर उतरवता येतं. लॅपटॉपबरोबर फुकट आलेलं ऑफिस मात्र त्या लॅपटॉपपुरतंच. वर्गणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण कमी : मायक्रोसॉफ्ट ३६५च्या वैयक्तिक योजनेत एका वेळी पाच उपकरणांवर साइन-इन राहता येतं. ॲडोबीच्या वैयक्तिक परवान्यात दोन संगणक ॲक्टिव्हेट करता येतात, पण एका वेळी काम एकावरच. छपाईच्या व्यवसायातली काही सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालतात. तिथे परवाना त्या लॉकमध्येच असतो, म्हणून तो जिवापाड जपा.

जुना संगणक अचानक बंद पडला किंवा विकून झाला असेल, तर सरेंडर करायला यंत्रच हाताशी नसतं. तरी घाबरू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला किंवा जिच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं त्या एजन्सीला फोन करा. बिल आणि नोंदणीचा ईमेल जवळ असेल तर जुनी नोंद मोकळी करून घेण्याची विनंती करता येते. ‘क्रॅक’च्या वाटेला मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी जाऊ नका. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे आणि अशा फाइलींबरोबर व्हायरसही घरात शिरतात. उलट, ज्याच्याकडे अधिकृत प्रत आहे त्याला संरक्षणासाठी बॅकअप प्रत ठेवण्याची मुभा याच कायद्याचं कलम ५२ देतं.

म्हणून या रविवारी एक वही घ्या. प्रत्येक सॉफ्टवेअरचं नाव, सीरियल नंबर, खरेदीची तारीख आणि नोंदणीचा ईमेल तिच्यात उतरवा, बिलं तिथेच चिकटवा. आणि जुना संगणक भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यावरचे परवाने सोडवून घ्या. पैसे तुम्ही एकदा मोजलेत. ते दुसऱ्यांदा मोजू नका.