राखीव मतदारसंघ, दलित ख्रिस्ती बांधव आणि सविनय कायदेभंग

अमरावती लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत. तिवसा हे त्यांपैकी एक. २००९ च्या निवडणुकीपासून हा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिवस्यातील दलित ख्रिस्ती बांधव येथे मतदान करू शकतो, परंतु उमेदवार म्हणून उभा राहू शकत नाही. त्याचाच सख्खा भाऊ हिंदू, शीख किंवा बौद्ध असेल तर तो उभा राहू शकतो. दोघांचे घर एक, जात एक, गावाने दिलेली वागणूकही एकच. भेद केवळ बाप्तिस्म्याचा. हा भेद कायद्यात कसा आला आणि त्याविरुद्ध श्रद्धावंताने कोणत्या मार्गाने उभे राहावे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

राज्यघटनेच्या कलम ३४१ नुसार अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपती जाहीर करतात. १० ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे म्हटले होते. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम बाहेरच राहिले. लोकसभेच्या व विधानसभेच्या राखीव जागेवर उमेदवार त्याच प्रवर्गाचा असावा, असे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. त्यामुळे हा आदेश निवडणुकीच्या दारातील अडसर ठरतो. अनुसूचित जमातींना मात्र अशी धर्माची अट नाही. म्हणून याच लोकसभा मतदारसंघातील मेळघाट या राखीव विधानसभा क्षेत्रातून ख्रिस्ती कोरकू बांधव उभा राहू शकतो. दर्यापूरच्या राखीव क्षेत्रातून दलित ख्रिस्ती बांधव उभा राहू शकत नाही.

विदर्भाला हा अनुभव नवा नाही. १९५६ साली नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमवेत लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९६२ साली डॉ. डी. पी. मेश्राम नागपुरातील राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला असल्याने ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ‘पंजाबराव विरुद्ध मेश्राम’ या खटल्यात दिला आणि त्यांची निवड रद्द ठरली. त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी सत्याग्रह केला. भूमिहीनांना जमीन ही त्यातील मुख्य मागणी होती. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात, हीही एक मागणी होती. हजारो सत्याग्रही स्वखुशीने तुरुंगात गेले. तरीही कायदा बदलण्यास १९९० साल उजाडावे लागले. न्यायाचा मार्ग किती लांबचा असतो, हे यावरून दिसते.

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. काही कायदे प्रत्यक्ष मोडता येतात. मिठाचा कायदा मीठ उचलून मोडता आला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे गवत कापून जंगलाचा कायदा मोडला. परंतु अपात्रतेचा कायदा असा मोडता येत नाही. दलित ख्रिस्ती व्यक्तीने राखीव जागेसाठी अर्ज भरला तरी तो छाननीत बाद होतो, एवढेच. म्हणून अशा कायद्यांविरुद्धचा प्रतिकार रस्त्यावर येतो. १९६५ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यात कृष्णवर्णीयांना साक्षरतेच्या चाचण्या लावून मतदारयादीबाहेर ठेवले जात असे. त्याविरुद्ध सेल्मा येथे निघालेल्या मोर्चांत कॅथलिक धर्मगुरू व धर्मभगिनीही सहभागी झाल्या. त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी मतदान हक्क कायद्यावर स्वाक्षरी झाली. आपल्या देशात ११ डिसेंबर २०१३ रोजी दिल्लीत दलित ख्रिस्ती बांधवांचा मोर्चा संसदेकडे निघाला असता पोलिसांनी पाण्याचे फवारे व लाठ्या यांचा वापर केला. दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांच्यासह अनेक धर्मगुरू व धर्मभगिनींना ताब्यात घेण्यात आले.

ख्रिस्तसभा याविषयी काय शिकविते? राज्यसत्तेचा मान राखणे, कर भरणे व मतदान करणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य आहे. मात्र सत्तेची आज्ञा नैतिक नियमांविरुद्ध किंवा माणसाच्या मूलभूत हक्कांविरुद्ध असेल, तर ती न पाळण्यास सद्‌सद्विवेकबुद्धी आपणास बांधील करते, असे कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (परिच्छेद २२४२) सांगितले आहे. प्रेषितांनी न्यायसभेपुढे हीच भूमिका घेतली होती. त्यांनी आपली कृती लपविली नाही, कोणावर हात उगारला नाही आणि फटके सोसले.

सविनय कायदेभंगाच्या कसोट्या यातूनच मिळतात. कृती उघड असावी, अहिंसक असावी, तिची शिक्षा स्वीकारण्याची तयारी असावी आणि सनदशीर मार्ग आधी अवलंबिलेले असावेत. या प्रश्नात ते मार्ग अवलंबिले गेले आहेत. १९८५ साली ‘सुसाई’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दलित ख्रिस्ती बांधवांची मागणी फेटाळली. २००४ साली पुन्हा याचिका दाखल झाली. वीस वर्षे उलटूनही तिचा अंतिम निकाल लागलेला नव्हता. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली तिसरा परिच्छेद वगळण्याची शिफारस केली. २०२२ साली न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमण्यात आला.

या कसोट्यांचा आणखी एक अर्थ आहे आणि तो आपल्या घराशी येऊन भिडतो. जातीच्या दाखल्यासाठी कागदावर धर्म लपविणे हा प्रतिकार नव्हे. तेथे कायद्याला प्रश्न विचारला जात नाही. उलट त्याची अट गुपचूप मान्य केली जाते. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा नाकारताना केवळ लाभासाठी धर्म बदलल्याचे सांगणे ही राज्यघटनेशी फसवणूक होय, असे म्हटले. पोटाच्या चिंतेने असे करणाऱ्या कुटुंबाला दोष देण्याआधी हेही ध्यानात घ्यावे की, श्रद्धा आणि भाकरी यांत निवड करण्याची पाळी त्याच्यावर या आदेशानेच आणली आहे. जे दलित नाहीत, त्या श्रद्धावंतांनी हा प्रश्न ‘त्यांचा’ म्हणून बाजूला ठेवू नये. आपल्याच चर्चमध्ये व दफनभूमीत जातीचा भेद उरला असेल, तर शासनाकडे समतेची मागणी करताना आपल्या शब्दाला वजन कसे येणार?

१० ऑगस्ट हा दिवस भारतीय ख्रिस्तसभा ‘काळा दिवस’ म्हणून पाळते. त्या दिवशी धर्मग्रामात प्रार्थनेसोबत या आदेशाचे वाचन व्हावे, तरुणांना त्याचा अर्थ समजावून सांगावा आणि लोकप्रतिनिधींना निवेदन द्यावे. मतदारयादीत आपले नाव आहे की नाही, हेही प्रत्येकाने पाहावे. जो हक्क आहे तो न चुकता बजावणाऱ्यालाच, जो नाकारला गेला तो मागण्याचे बळ लाभते.